सेज तहानेने मरत नाही

जुलैतली सकाळ. रात्रभर पाऊस पडून गेलेला, बाल्कनीच्या कठड्यावर थेंब लटकलेले, आणि कुंडीतलं सेजचं रोप मान टाकून उभं. सेज म्हणजे युरोपातल्या स्वयंपाकात वापरतात ते सुगंधी पानांचं झुडूप. पानं लुळी, खाली लोंबणारी. पहिल्या वर्षी मी हे पाहिलं तेव्हा वाटलं, छज्जाखाली आहे, पाऊस पोचला नसेल, तहानलंय बिचारं. तांब्याभर पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी पानं आणखी लुळी, म्हणून आणखी पाणी. चौथ्या दिवशी नुसतं हलवून बघितलं तर खोड हातात आलं. कुंडी उलटी केली. माती चिखलासारखी गच्च, मुळं तपकिरी. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत दोऱ्याएवढी शीर उरली. वास डबक्याचा.

ते रोप तहानेने नाही, बुडून मेलं होतं. आणि बुडणारं झाड तहानलेल्या झाडासारखंच दिसतं, हे मला ठाऊक नव्हतं. आपल्याकडे घरी सेज लावणाऱ्या बहुतेकांची गाडी नेमकी इथेच अडते. म्हणून आधी ते समजून घेऊ, कुंडी-माती-खताकडे नंतर वळू.

मुळं जिवंत असतात, श्वास घेतात. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते, तिथून त्यांना प्राणवायू मिळतो आणि त्याच्या जोरावरच त्यांचं पाणी घेण्याचं काम नीट चालतं. पोकळ्या पाण्याने भरल्या की हवेची वाट बंद होते, कारण प्राणवायू पाण्यातून हवेच्या तुलनेत सुमारे 10,000 पट हळू सरकतो. मूळ गुदमरतं, पाणी ओढणं थांबवतं. म्हणजे भोवती पाणीच पाणी आणि पानांपर्यंत मात्र थेंब पोचत नाही. त्यात ऊब असेल तर मुळांचा श्वास आणखी जोरात चालतो, गरज वाढते आणि पुरवठा तुटलेला. अशा गुदमरलेल्या मुळांवर मूळकुजीच्या बुरशा तुटून पडतात. आपण वरून पाणी घालत राहतो, ते त्यांच्या पथ्यावर पडतं.

फरक ओळखायची एक साधी खूण आहे. तहानलेलं झाड दुपारी मान टाकतं आणि पाणी मिळालं की तास-दोन तासांत उभं राहतं. बुडालेलं झाड सकाळच्या गारव्यातही लुळंच असतं. आणि त्याहून भरवशाची खूण म्हणजे कुंडी उचलून बघणं. कोरड्या आणि ओल्या कुंडीच्या वजनातला फरक आठवड्याभरात हाताला कळायला लागतो. पाणी घालण्याआधी कुंडी थोडी उचलायची, एवढी एक सवय लागली तरी निम्मी रोपं वाचतील.

आता मूळ प्रश्न. तुळस, पुदिना, पानओवा, सब्जा ही सगळी सेजची भावंडं, एकाच कुळातली. चिमटीत खोड फिरवून बघा, चौकोनी लागतं. मग ती पावसात तरारतात आणि सेजच का मरतं?

याचं उत्तर सेजच्या माहेरात आहे. एड्रियाटिक समुद्राकाठी, आजच्या क्रोएशियातल्या डाल्मेशिया भागात, चुनखडीच्या उघड्याबोडक्या डोंगरउतारांवर सेज आपोआप उगवतं. तिथे त्याला कादुल्या म्हणतात आणि त्याच्या फुलांचा मधही नावाजलेला आहे. त्या किनाऱ्यावरच्या स्प्लिट शहराचा वर्षाचा पाऊस साधारण 800 मिलिमीटर आहे. पुण्याचा 700-750च्या आसपास. म्हणजे पाऊस जवळपास सारखाच! मीही पहिल्यांदा हे आकडे शेजारी मांडले तेव्हा चक्रावले. पण स्प्लिटचा पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते मार्च, थंडीत पडतो आणि जुलै तिथला सगळ्यात कोरडा महिना. आपल्याकडे जून ते सप्टेंबरमध्येच जवळजवळ सगळा पाऊस होऊन जातो, तोही दमट उबेत. सेजला थंडीतली ओल चालते, उन्हाळ्यातला कोरडेपणाही चालतो. ऊब आणि ओल एकत्र आली की मात्र त्याचं काही खरं नाही.

त्याचं पान बघितलं तरी हे कळतं. लांबट, राखाडी झाक असलेलं हिरवं, आणि मखमलीसारखं. ही मखमल म्हणजे बारीक लव. उन्हाची तिरीप ती परतवते आणि पानालगत हवेचा पातळ थर धरून ठेवते, त्यामुळे कोरड्या वाऱ्यात पान सुकत नाही. तीच लव आपल्या पावसाळ्यात पाण्याचे थेंब धरून बसते आणि पानांवर भुरी व काळे ठिपके येतात.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: सेजला रब्बीचं पीक समजा. दसऱ्याला लावायचं, थंडीत वाढवायचं, होळीपर्यंत मनसोक्त खुडायचं. उन्हाळा-पावसाळा हा त्याला फक्त जगवण्याचा काळ. विदेशी बागकामाच्या पुस्तकांत वसंतात लावा असं लिहिलेलं असतं. ते तिथल्या हवेला बरोबर आहे. इथे मार्चमध्ये लावलेलं रोप मुळं धरेपर्यंत मेच्या उन्हात सापडतं आणि सावरेपर्यंत पाऊस येतो.

रोप आणताना मात्र डोळे उघडे ठेवा. नर्सरीत नुसतं साल्व्हिया म्हटलं तर बहुधा लाल तुऱ्यांचं हंगामी फुलझाड हातात पडतं. तेही साल्व्हियाच, पण स्वयंपाकाचं नव्हे. आपल्याला हवं ते साल्व्हिया ऑफिसिनॅलिस. पान चुरगळून हुंगा: कापूर आणि निलगिरी यांचा मिळून एक ऊबदार वास यायला हवा. हे मी उपमा म्हणून सांगत नाही. पानातल्या तेलात कापूर खरोखर असतो, आणि निलगिरीच्या तेलातला मुख्य घटक सिनिओल तोही असतो. चिया बी देणारी वनस्पतीही याच साल्व्हिया प्रजातीतली, आणि 2017 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी रोझमेरीलाही याच प्रजातीत आणून बसवलं. घरात धुरी देण्यासाठी पांढऱ्या सेजच्या जुड्या विकतात, ती कॅलिफोर्नियातली निराळी जात. तिथल्या आदिवासी समाजांना ती पवित्र आहे आणि बाजारासाठी ती रानातून ओरबाडली जाते. मला ते विकत घ्यावंसं वाटत नाही.

आता कुंडीकडे. इथे मला थोडं थांबायचंय, कारण कुंडीबद्दलची एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय आणि ती चुकीची आहे: तळाला खड्यांचा थर घातला की निचरा चांगला होतो.

घरात भांडी घासायचा जाड, नवा स्पंज असेल तर हे करून बघा. स्पंज पाण्यात बुडवून पूर्ण भिजवा आणि आडवा, सपाट धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज न पिळता उभा करा. परत पाणी गळायला लागेल! स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात, आणि तळाशी ठरावीक उंचीचा एक थर नेहमी चिंब राहतो. त्या थराची उंची मातीच्या पोतावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. बसक्या कुंडीत तो थर निम्मी कुंडी व्यापतो, उंच कुंडीत तळाशी राहतो आणि वरच्या मुळांना हवा मिळते. आता तळाला खडे घाला. पाणी बारीक मातीतून एकदम मोठ्या पोकळ्यांत उतरत नाही, ते सीमेवरच अडतं. म्हणजे चिंब थर खड्यांच्या वर येऊन बसतो, मुळांच्या आणखी जवळ. आपण स्वतःच्या हाताने कुंडी उथळ केली.

तेव्हा खडे तळाला नकोत, मातीत मिसळायला हवेत. भोकावर एक खापरी ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरती. कुंडी मातीची, 10 इंच तरी उंच. मातीच्या कुंडीच्या अंगातूनही पाणी उडून जातं, प्लॅस्टिकच्या जात नाही. मिश्रण मी असं करते: दोन भाग लाल माती, दोन भाग जाड रेती किंवा विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे, एक भाग मुरलेलं शेणखत. हल्ली सगळीकडे कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरभरून घालतात. पालेभाज्यांना ते छान, पण पाणी धरणं हाच त्याचा गुण असल्याने सेजसाठी नको. काळी माती तर अजिबात नको. कोकणात जांभ्याची माती आम्लधर्मी असते, तिथे मूठभर चुनखडीची भुकटी मिसळा, सेजला चुन्याची जमीन मानवते. घाटावर त्याची गरज सहसा पडत नाही. मिश्रण जमलंय का ते ओळखायला कुंडी भरून तांब्याभर पाणी ओता: वर तळं साचता कामा नये आणि मिनिटाच्या आत भोकातून धार लागली पाहिजे.

बियांपासून रोप होतं, पण वेळ लागतो. बी मोहरीपेक्षा थोडं मोठं, काळपट. अर्धा सेंटिमीटर खोल पेरायचं, उगवायला दोन-तीन आठवडे. बी जुनं असेल तर बरंचसं उगवतच नाही. मी आता फक्त छाट कलम करते. कोवळ्या, न फुललेल्या फांदीचा चार बोटं लांब शेंडा कापायचा, खालची पानं काढायची, ओलसर रेतीत खोचायचा आणि सावलीत ठेवायचा. तीन-चार आठवड्यांनी हळूच ओढून बघा. हाताला अडल्यासारखं वाटलं की मुळं धरली. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी दाब कलम करावं: खालची फांदी वाकवून शेजारच्या कुंडीतल्या मातीत दाबायची, वर दगड ठेवायचा आणि मुळं फुटली की मूळ झाडापासून कापायची. यात काहीच वाया जात नाही.

रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. जिवावर येतं, पण खुडाच. शेंड्यात एक संप्रेरक तयार होतं, ते खाली उतरून बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की डोळे सुटतात आणि एका काडीच्या जागी चार फांद्या होतात. शेवंतीला आपण हेच करतो.

थंडीत दिवसाला पाच-सहा तास ऊन हवं. पाणी, वरची दोन इंच माती कोरडी झाल्यावरच, आणि घालाल तेव्हा भोकातून येईपर्यंत. रोज चूळभर पाणी घालणं सगळ्यात वाईट. खत हात राखून द्या. नत्र जास्त झालं की पानं मोठी, लुसलुशीत होतात आणि वास उतरतो. खुडताना एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घेऊ नका, आणि फांदी कापताना खाली थोडी तरी हिरवी पानं राहू द्या. लाकडासारख्या झालेल्या नागड्या भागातून सेज सहसा परत फुटत नाही.

फेब्रुवारीत मी चार कलमं करून ठेवते. हा विमा. एक मैत्रिणीकडे जातं, कारण एका घरातलं गेलं तर दुसऱ्या घरातलं उरतं. एप्रिल-मेमध्ये सकाळचं ऊन आणि दुपारची सावली अशा जागी कुंडी हलवायची. या दिवसांत लाल कोळी येतो. पानाच्या मागे धुळीसारखे ठिपके आणि बारीक जाळी दिसली की सकाळी पानांच्या मागून पाण्याचा जोराचा फवारा मारा, दोन-तीन दिवसांआड.

जून लागला की कुंडी छपराखाली, पण वारा खेळता असेल अशा जागी. कुंडीखालची ताटली काढून टाका. आतल्या दाट फांद्या विरळ करा म्हणजे हवा फिरेल. पाणी आठवड्यातून एकदाही लागेल की नाही शंकाच, कुंडी उचलून ठरवा. एवढं करून पुणे-नाशिककडे झाड बहुधा तगतं. मुंबई आणि कोकणात हवेतच इतकं पाणी असतं की मी तिथल्या मैत्रिणींना स्पष्ट सांगते: एका हिवाळ्याचं पाहुणं समजून लावा, होळीला सगळं खुडून वाळवा, दसऱ्याला नवं आणा. यात कमीपणा काहीच नाही, झेंडूही आपण असाच लावतो. लंडन किंवा न्यू जर्सीला राहणाऱ्या आपल्या मंडळींचं बरं आहे. तिथे सेज बर्फातही अंगणात टिकतं. फक्त छाटणी हिवाळ्याआधी न करता वसंतात, नवे डोळे फुटायला लागले की करायची.

झाड दारात आलं की पहिला प्रश्न येतो, याचा काढा घ्यायचा का? प्रश्न फार जुना आहे. साल्व्हिया हे नावच लॅटिनमध्ये बरं करणे, वाचवणे या अर्थाच्या शब्दाशी जोडलेलं आहे, आणि इटलीतल्या सालेर्नोच्या वैद्यकशाळेच्या परंपरेत एक वचन होतं: ज्याच्या बागेत सेज उगवतं तो माणूस मरावाच का? त्याच्या पुढचीच ओळ सांगते, मृत्यूवर औषध कुठल्याच बागेत नाही. युरोपीय औषध नियामक संस्थेने घसा-हिरड्यांची सूज, अपचन, जास्तीचा घाम यांसाठी सेजच्या पानांचा वापर मान्य केलेला आहे, पण तो दीर्घ परंपरेच्या आधारावर. घसा बसला तर पाच-सहा पानांवर कपभर उकळतं पाणी ओतून, दहा मिनिटं झाकून, गाळून गुळण्या करायला हरकत नाही. झाकण महत्त्वाचं, नाहीतर वासाचा अर्क वाफेबरोबर उडून जातो.

पण पानात थुजोन नावाचा एक घटक असतो आणि तो जास्त प्रमाणात मज्जासंस्थेला घातक असतो, झटके येऊ शकतात. जेवणातल्या चार पानांनी काही होत नाही. रोज कप-कप काढा महिनोन्‌महिने पिऊ नये. गरोदर बायकांनी आणि फिट येणाऱ्यांनी काढा घेऊच नये. अंगावर पाजणाऱ्यांनीही नको, दूध कमी करण्यासाठीच सेज परंपरेने दिलं जातं. मधुमेहाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारा. आणि बाटलीतलं सेजचं सुगंधी तेल कुणीही, एक थेंबसुद्धा, पोटात घेऊ नये. त्या थेंबात किती पानांचा अर्क उतरलाय याचा अंदाज येत नाही.

मला विचाराल तर सेजची खरी जागा स्वयंपाकघरातच आहे, आणि तिथे ते आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. लोणी कढवताना तूप होत आलं की आपल्या घरांत विड्याचं पान टाकतात. पान तडतडतं, कुरकुरीत होतं, तुपाला वास लागतो. उत्तर इटलीतल्या घरांतही हेच चालतं: लोणी तापवतात, बेरी बदामी रंगावर येऊ देतात आणि त्यात सेजची पानं टाकतात. फक्त बेरी गाळून काढत नाहीत, तीच खरी चव. मांतोवा गावी लाल भोपळ्याचं सारण भरलेल्या पास्त्यावर हे लोणी ओततात.

स्निग्धच का? कारण पानातली वासाची द्रव्यं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, तुपा-तेलात विरघळतात. हिंगाची फोडणी तेलात करतो, आमटीत वरून हिंग टाकत नाही, त्यातलाच हा प्रकार. कच्चं सेज कोशिंबिरीत घालून बघितलेल्या कितीतरी जणांनी मला सांगितलंय की कडू, औषधासारखं लागतं. बरोबरच आहे. त्याला कोथिंबिरीसारखं वागवायचं नाही, कढीपत्त्यासारखं फोडणीत टाकायचं. चार माणसांना पाच-सहा पानं पुरतात.

घरी लाल भोपळ्याचं भरीत करता ना? भोपळा वाफवून कुस्करा, मीठ घाला, दही यावेळी राहू द्या. छोट्या कढल्यात दोन चमचे घरचं लोणी घालून मंद आचेवर ठेवा. आधी फेस येईल आणि चुरचुर आवाज होईल, तो पाणी उडण्याचा आवाज. आवाज मंदावला की बेरीकडे लक्ष ठेवा. ती बदामी झाली रे झाली की धुऊन पूर्ण कोरडी केलेली पानं सोडा. अर्ध्या मिनिटात पानांच्या कडा वळतात, फेस थांबतो, वास कापरापासून सुटून खमंगपणाकडे वळतो. लगेच भरतावर ओता. तिथे दहा सेकंद जास्त गेले तर बेरी जळते आणि सगळंच कडू होतं.

इटलीतल्याच तोस्काना भागात पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांना लसूण, टोमॅटो आणि सेजची फोडणी देतात. आपल्या सोललेल्या वालाला आणि राजम्यालाही ती छान लागते. आणि पानओव्याची भजी ज्यांच्या घरी होतात त्यांना काही सांगायलाच नको. मोठी पानं, पातळसर बेसन, देठ धरून बुडवायचं आणि तेलात सोडायचं. इटलीतही सेजची पानं अशीच पिठात बुडवून तळतात.

वाळवणाचा हंगाम फेब्रुवारी-मार्च. फांद्या धुऊन, पुसून, सावलीत पंख्याखाली सुती कापडावर पसरा, आठवड्यात पानं चुरचुरीत होतात. उन्हात नको, वास उडतो. पानं अखंडच काचेच्या बरणीत भरा आणि लागतील तेव्हाच चुरा. वाळलेली पानं ताज्यांपेक्षा तीव्र असतात, साधारण तिसरा हिस्सा पुरतो. जुलैत बाहेर धो-धो पाऊस असतो, झाड कोपऱ्यात कोरडं बसलेलं असतं आणि त्याच्या एकाही पानाला मी तेव्हा हात लावत नाही. त्या दिवसांतल्या बटाट्याच्या काचऱ्यांना या बरणीतलं चिमूटभर पुरतं.